तांबड्या खुणेचा पेला

दिवाळीला अजून पंधरा दिवस होते. उलव्याच्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर चकलीच्या भाजणीचा वास, तर दुसऱ्यावर बेसन भाजल्याचा, असा थाट सुरू झाला होता. अशा एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे शेजारी हातात कागद घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ चाळिशीचे, उद्योगी. कचेऱ्यांना कँटीन चालवून देण्याचा त्यांचा धंदा आहे. सव्वाशे माणसे त्यांच्या पगारपत्रकावर आहेत आणि आणखी तीस-चाळीस घ्यायची आहेत.

उलव्याला सध्या अशीच धामधूम आहे. आम्ही इथे बिऱ्हाड केले तेव्हा बामणडोंगरीला आगगाडीसुद्धा येत नव्हती. ती २०१८ च्या नोव्हेंबरात आली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट करून तिथे विमानतळ उभा राहिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. एक विमानतळ म्हणजे हमाल आले, पहारेकरी आले, सफाईवाले आले आणि या सगळ्यांना जेवू घालणारेही आले. गव्हाण, वहाळ, जासईकडची पोरे नोकरीच्या आशेने अर्ज भरत असतात, आणि प्रत्येक अर्जाला 'मेडिकल' जोडलेले असते.

"काका, तुम्ही आयुष्यभर माणसं सांभाळलीत," शेजारी म्हणाले. "भरतीच्या वेळच्या तपासण्यांची यादी केली आहे. जरा नजर टाका. काही राहिलंय का सांगा."

मी यादी वाचली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, डोळे, कातडीचे विकार. सगळ्यांत खाली पेन्सिलीने लिहिलेले होते : 'एचआयव्ही – घ्यावी का?'

आतून चिवड्याची बशी आली होती. पण माझा हात काही तिच्याकडे गेला नाही.

"ही शेवटची ओळ खोडा," मी म्हणालो.

"का हो? आपला खाण्यापिण्याचा धंदा. उद्या काही झालं म्हणजे?"

वाचकहो, या प्रश्नात दुष्टपणा मुळीच नव्हता. तुम्हीआम्ही कुणीही तो विचारला असता. पण असल्याच भल्या हेतूने मी एकदा एका माणसाची नोकरी घालवली आहे. तीच हकीकत मी त्या संध्याकाळी त्यांना सांगितली. आज तुम्हाला सांगतो. ज्यांच्याविषयी सांगतो ते ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील मुद्दाम गाळले आहेत.

गोष्ट २००३ सालची. न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे उरणच्या रस्त्यावर जी कंटेनरची यार्डे उभी राहिली, त्यांतल्या एका लहानशा पेढीत मी हेडक्लार्क होतो. ट्रेलरवर एक ड्रायव्हर होता. क्लीनर म्हणून लागलेला, पुढे स्वतः स्टिअरिंगवर बसलेला. कामाला वाघ आणि बोलायला गरीब. त्या वर्षी त्याच्या रजा वाढल्या आणि उचलही वाढली. मी एकदा त्याला रागे भरलो. तेव्हा तो माझ्या टेबलापाशी खाली वाकून हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. मला एचआयव्ही निघालाय. औषधं विकत घ्यावी लागतात. कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगणार नव्हतोच. फक्त शेटना सांगितले. त्याला लांबच्या खेपा देऊ नयेत, जवळची कामे द्यावीत, एवढाच माझा हेतू. शेटही भला माणूस. त्यांनी फक्त मुकादमाला सांगितले. मुकादमाने कँटीनच्या पोऱ्याला सांगितले, तेही 'काळजी घे' म्हणून. असा प्रत्येकाने भल्यासाठी फक्त एकालाच निरोप दिला आणि दिवेलागणीपर्यंत सारे यार्ड त्याच्यापासून दोन हात लांब सरकले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी पाहिले. स्टीलच्या वीस-पंचवीस पेल्यांत एका पेल्याच्या बुडाला तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका होता. तो त्याचा पेला. कुणी त्याला बोलले नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसता तो पेला पुढे सरकवला. त्याने चहा प्याला, पेला स्वतः विसळला आणि उपडा घालून ठेवला. दसऱ्यापूर्वीच तो काम सोडून गेला.

हिशेबाचे पैसे न्यायला त्याची बायको आली. कडेवर मूल होते. मी नोटा मोजून दिल्या. तिने त्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि विचारले, "साहेब, तुम्हीच सांगितलंत ना?"

मी म्हणालो, "मला काही ठाऊक नाही, बाई."

पुढे ते कुटुंब कुठे गेले ते मला कळले नाही. मला पुढे कळले ते वेगळेच. सरकारी इस्पितळांतून या आजाराची औषधे फुकट मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. म्हणजे त्याने काम सोडले त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी! सुरुवातीच्या थोड्या इस्पितळांत मुंबईचे जे. जे. होते. त्याआधीही औषधे नव्हती असे नाही. २००१ सालीच मुंबईच्या सिप्ला कंपनीने परदेशातल्या सेवाभावी डॉक्टरांना वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला डॉलरहून कमी दरात ती देऊ करून साऱ्या जगात खळबळ उडवली होती. पण ड्रायव्हरच्या पगाराला तेवढाही खर्च जड. तो पगारातून औषध घेत होता. पगार गेला म्हणजे औषध गेले. त्याला त्या सहा महिन्यांपुरती नोकरी हवी होती आणि ती माझ्या जिभेने घालवली.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. ती घडली होती आमच्याच मुंबईच्या उच्च न्यायालयात. एका सरकारी महामंडळात हंगामी मजुरी करणाऱ्या एका माणसाला कायम करण्याची वेळ आली तेव्हा डॉक्टरी तपासणीत त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. अंगाने तो धडधाकट होता, काम नीट करत होता. तरी त्याला काम देणे बंद झाले. तो कोर्टात गेला. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला 'एम एक्स' या अक्षरांनी दावा चालवू दिला. ३ एप्रिल १९९७ रोजी निकाल लागला. माणूस कामाला लायक असेल आणि त्या कामात त्याच्यापासून दुसऱ्याला खरोखरीचा धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची भाकरी काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावले. मी ते काढून टाकण्याचे पाप केले सहा वर्षांनंतर, आणि तेही कायदा न वाचता!

शेजारी गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "काका, तुमचं वाईट वाटणं मी समजू शकतो. पण माझ्या कँटीनचं काय? पोळ्या लाटताना कुणाचं बोट कापलं तर?"

हाच प्रश्न अनेक गृहिणींच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर सावकाश देतो. एचआयव्ही हा विषाणू. त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर काही वर्षांनी शरीराची प्रतिकारशक्ती ढासळते आणि त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे ज्याला एचआयव्ही आहे त्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो असे नाही. हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून, आणि आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून जातो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने, एका संडासाने, घामाने, खोकल्याने, डासाने जात नाही. अन्नातूनही जात नाही. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षाला एकदा डॉक्टरी तपासणी लागते, विषमज्वरासारख्या पोटाच्या रोगांची लस लागते. ती जरूर द्यावी, कारण तो रोग अन्नातून पसरतो. बोट कापले तर कुणाचेही असो, काम थांबवून पट्टी बांधावी, रक्त पडलेले अन्न टाकून द्यावे आणि जागा जंतुनाशकाने पुसावी. हा नियम सर्वांना सारखा. पट्टी बांधणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, तेही प्रत्येक जखमी माणसाच्या बाबतीत. एकट्यासाठी हातमोजे म्हणजे पुन्हा तांबडा ठिपकाच.

रक्ताशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या इस्पितळातल्या मंडळींसाठी सुईबिई टोचली तर लगेच घेण्याची औषधे आहेत. ती शक्यतो दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. पोळीभाजीच्या कँटीनला त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

आणि औषधांनी आता केवढा पल्ला गाठला आहे! आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही सापडत नाही, आणि तसा तो दबलेला राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. असा माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होऊन माझ्यासारखा नातवंडांना शाळेत पोचवू शकतो. आपल्या देशात सुमारे पंचवीस लाख लोक हा विषाणू घेऊन जगत आहेत, आणि राज्यवार पाहिले तर सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे शेजाऱ्यांच्या सव्वाशे माणसांत एखादा असणे अशक्य नाही. आजवर तो मुकाट्याने पोळ्या लाटत आला असेल तर आजवर कुणाचे काय बिघडले?

"मग मी करायचं तरी काय?" शेजाऱ्यांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या नोकरीतल्या दुसऱ्या प्रसंगाने शिकवले.

२०१८ साल सरत आले होते. त्याच पेढीत एक फोर्कलिफ्ट चालवणारा तरुण सुपरवायझरकडे सारखी दिवसपाळी मागू लागला. आमच्याकडे आठवड्याला पाळी फिरे. सुपरवायझरने शेरा मारला, 'कामचुकार.' मी त्याला एकटे बोलावले. बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग तेच वाक्य पुन्हा माझ्या कानी आले. त्या वेळी जी गोळी मिळे ती रात्री झोपताना घ्यायची असे आणि सुरुवातीला तिने डोके गरगरे. निजून गेले की त्रास जाणवत नसे. पण पाळी फिरली की गोळीची वेळ फिरे आणि गरगरत्या डोक्याने फोर्कलिफ्टवर बसणे त्याला भीतीचे वाटे. म्हणजे जो माणूस अपघात टाळायला धडपडत होता, त्यालाच आम्ही कामचुकार म्हणत होतो!

जुने शेट वारले होते, त्यांचा मुलगा पेढी पाहत होता. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "याला कायमची दिवसपाळी द्या. महिन्यातून एकदा अर्धा दिवस रजा द्या. कारण वैद्यकीय आहे, मी खात्री केली आहे."

"आजार कसला?"

"शेट, आजार त्याचा, पाळी आपली. आपण पाळीपुरतं बोलू."

तो जरा चमकला, पण त्याने सही केली. सुपरवायझरला फक्त पाळीचा कागद मिळाला. पुढे औषध बदलले, गरगरणे गेले, आणि तब्येत स्थिर झाल्यावर दर महिन्याऐवजी काही महिन्यांची औषधे एकदम मिळू लागली. पेढीला या सगळ्याचा खर्च आला तो एका कागदाचा. मी निवृत्त झालो तेव्हा तो तरुण कामावर होता, आणि त्याचा चहा इतरांच्याच पेल्यातून जात होता.

मी ज्याला त्या दिवशी नुसता शहाणपणा समजत होतो तो तोवर देशाचा कायदा झाला होता. २०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्याची अट म्हणून ही तपासणी मागता येत नाही. माणसाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून ती करता येत नाही. 'तुला हे आहे का' असे सांगायला त्याला भाग पाडता येत नाही. कामावरून काढायचेच तर त्याच्यापासून कामात मोठा धोका आहे किंवा तो काम करण्यास असमर्थ आहे, असे स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टराचे लेखी मत हवे, आणि त्याची वाजवी सोय करणे आपल्याला का जमत नाही हेही मालकाने लिहून द्यायला हवे. वाजवी सोय म्हणजे काय? पाळी बदलणे, रजेची वेळ सांभाळणे, अशा किरकोळ गोष्टी. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा असतो. इस्पितळासारख्या ठिकाणी वीस माणसांनाच हा नियम लागतो.

"म्हणजे मलाही नेमायला हवा!" शेजारी म्हणाले.

"हवाच. आणि माणूस असा निवडा की ज्याच्या पोटात गोष्ट राहते. हुशारी थोडी कमी असली तरी चालेल."

मग आम्ही दोघांनी मिळून त्याच कागदाच्या पाठीवर लिहून काढले. कुणी आपण होऊन सांगितले तर ते त्या एका अधिकाऱ्यापाशी राहावे. कागद असेल तर तो कुलपात, हजेरीपुस्तकात शेरा नाही. औषधाच्या दिवशीची रजा कारण न विचारता मिळावी. बढती, पगारवाढ, बोनस इतरांप्रमाणेच. गटविम्याचे कागद विमा कंपनीकडे बंद लिफाफ्यात जावेत, ते टेबलावर पडू नयेत. कुणी टिंगल केली किंवा भांडे वेगळे ठेवले तर समज त्या टिंगल करणाऱ्याला. आणि वर्षातून एकदा सर्वांनाच बसवून डॉक्टरांकडून माहिती द्यावी, म्हणजे कुणा एकाकडे बोट जात नाही. भिंतीवर १०९७ हा सरकारचा फुकट मदतीचा दूरध्वनी क्रमांक लावावा. ज्याला हवा तो येताजाता टिपून घेईल.

"एवढंच?" त्यांनी विचारले. त्यांना वाटले होते, मोठा खर्च निघेल.

मोठा खर्च करणारेही जगात झाले आहेत. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात डेब्स्वाना ही हिऱ्यांच्या खाणीची कंपनी आहे. एचआयव्हीने तिथे कसबी कामगार भराभर मरू लागले, तेव्हा २००१ साली तिने कामगारांना व त्यांच्या जोडीदारांना औषधोपचार देणे सुरू केले. नवा माणूस शिकवून तयार करण्यापेक्षा जुना जगवणे परवडते, हा त्यांचा हिशेब. आमच्या विमानतळाच्या गावाने लक्षात ठेवावी अशी दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. तिथल्या साउथ आफ्रिकन एअरवेजने एका तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून विमानातल्या सेवकाची जागा नाकारली. सप्टेंबर २००० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला : त्याला नोकरीवर घ्या. न्यायालयाचे म्हणणे, लोकांच्या पूर्वग्रहाची सबब पुढे करून अन्याय करता येत नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल, ही सबब आपल्याकडच्या दुकानदारांनाही फार आवडते, म्हणून सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, हे कारखानदारांचे आणि ठेकेदारांचे झाले, आमच्या घराचा काय संबंध? आहे हो! आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशी आहेत, गाडी चालवणारा आहे, बाळाला सांभाळणारी मुलगी आहे. आपणही कुणाचे तरी मालकच आहोत. कितीतरी स्वयंपाकघरांत मावशींचा कप खिडकीत वेगळा असतो, आणि त्याला आजाराचेही निमित्त लागत नाही. त्या मावशी उद्या महिन्यातून एकदा 'इस्पितळात जायचंय' म्हणाल्या तर 'कशाला?' हा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळावा. 'जा, सावकाश या' एवढे म्हणावे. सांगावेसे वाटले तर त्या सांगतील. आणि सांगितले, तर ते आपल्या घरातल्या माणसांपुढेसुद्धा जाऊ नये. मी फक्त शेटना सांगितले होते, हे विसरू नका.

शेजाऱ्यांनी माझ्याकडून खोडरबर मागून घेतले आणि ती पेन्सिलीची ओळ पुसली. चिवड्याची बशी संपवून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "काका, ती बाई पुन्हा कधी भेटली का हो?"

नाही भेटली. तिच्या कडेवरचे ते मूल आता पंचविशीच्या आसपास असेल. इकडच्याच एखाद्या गावात असेल, तर कदाचित विमानतळावर नोकरीचा अर्जही भरत असेल. तिला मी एका प्रश्नाचे खोटे उत्तर दिले होते. खरे उत्तर द्यायला ती समोर नाही. म्हणून इथे, छापून देतो.

होय बाई, मीच सांगितले होते.